यकृतातली गाठ आणि दोन वाटांनी येणारे रक्त

सेवाग्राम वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर आहे. आश्रमातली बापूकुटी मातीच्या भिंतींची, कौलारू छपराची. आत एक बैठक, लिहिण्यापुरते लहानसे मेज, बाकी फारसे काही नाही. त्याच गावात कस्तुरबा रुग्णालय आहे आणि तिथे एमआरआयचे यंत्र आहे. या दोन वास्तूंच्या मधल्या अंतरात विसाव्या शतकाचा बराचसा इतिहास मावतो. हा धागा त्यातल्या एकाच प्रश्नाचा आहे: यकृतात गाठ दिसली, तर ती कसली आहे हे पोट न उघडता कसे ओळखायचे?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. आर्वी, समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्यातला एखादा माणूस पोटदुखीसाठी सोनोग्राफी करून घेतो आणि अहवालात यकृतातल्या तीन सेंटिमीटरच्या गाठीचा उल्लेख येतो. ही गाठ रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुच्छ असू शकते. तो जन्मभर तसाच पडून राहील. ती यकृताचा मूळ कर्करोग असू शकते. त्यात प्रत्येक महिना मोलाचा. आतड्यातल्या कर्करोगाने यकृतात टाकलेली ती पिल्लावळ असू शकते, किंवा अमिबामुळे झालेला गळू, जो औषधांनी बरा होतो. पहिल्या माणसाने घरी जायचे, दुसऱ्याने शस्त्रक्रियेच्या टेबलावर, तिसऱ्याच्या आजाराचे मूळ भलतीकडेच शोधायचे, चौथ्याने गोळ्या घ्यायच्या. सोनोग्राफीच्या करड्या पडद्यावर मात्र ही चौघे पुष्कळदा एकाच आईची लेकरे वाटतात.

फार काळ वैद्याकडे दोनच साधने होती: हात आणि सुई. उजव्या बरगडीखाली बोटे दाबून यकृत वाढले आहे का, कठीण लागते का, एवढे हाताला कळे. सुईने तुकडा काढण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. पण ती पद्धत खऱ्या अर्थाने रुळली १९५८ नंतर, जेव्हा इटलीच्या ज्योर्जिओ मेंगिनी यांनी यकृताच्या आत क्षणभरच राहणारी सुई प्रचारात आणली. तरी धोका उरलाच. रक्तवाहिन्यांच्या गुच्छात सुई गेली तर रक्तस्राव होऊ शकतो. कर्करोगात गेली तर सुईच्या वाटेने पेशी बाहेर सांडू शकतात. आणि नेमकी गाठीच्या शेजारची चांगली पेशीच हाती आली, तर दिलासा मिळतो तो खोटा.

यकृताचे छायाचित्र काढता आले नव्हते का? विल्हेल्म रोंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण सापडले आणि काही महिन्यांतच जगभरच्या रुग्णालयांत हाडांचे फोटो निघू लागले. यकृताच्या बाबतीत मात्र हे किरण जवळजवळ आंधळे ठरले. यकृत, त्यातली गाठ आणि त्यातले रक्त या तिन्हींची घनता जवळपास सारखी. त्यामुळे सगळ्यांची मिळून एकच फिकट सावली पडे. मग कल्पना निघाली ती अशी, की सावली पडत नसेल तर सावली पाडणारे काहीतरी शरीरात घालावे. ‘कॉन्ट्रास्ट’ या शब्दाचा जन्म इथला. रुग्ण त्याला ‘डाय’ म्हणतात.

या कल्पनेचा एक काळा अध्याय आहे आणि त्यावरून घाईने पुढे जाता येत नाही. १९३०च्या सुमारास ‘थोरोट्रास्ट’ नावाचे औषध बाजारात आले. त्यात थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण असत. पोर्तुगालचे एगास मोनीझ यांनी ते मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवण्यासाठी वापरले. यकृत आणि प्लीहा दाखवण्यासाठी तर ते अप्रतिमच होते, कारण यकृतातल्या भक्षक पेशी ते कण गिळून साठवून ठेवत. चित्र सुरेख येई, टोचताना त्रास होत नसे. परंतु थोरियम किरणोत्सर्गी आहे, आणि यकृताने एकदा साठवलेले थोरियम शरीर बाहेर टाकत नाही. वीस-तीस वर्षांनी त्या माणसांच्या यकृतात कर्करोग उगवू लागले. त्यांत यकृतातल्या रक्तवाहिन्यांचा अतिशय दुर्मीळ असा कर्करोगही होता. जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल आणि जपान या देशांत अशा रुग्णांचा दशकानुदशके मागोवा घेण्यात आला. जपानमध्ये त्यांत युद्धातले जखमी सैनिकही होते. यकृतातली गाठ शोधण्यासाठी टोचलेल्या औषधाने यकृतातच गाठ निर्माण केली. सुरुवातीलाच काहींनी शंका काढली होती. चित्राच्या मोहापुढे ती टिकली नाही.

सेवाग्रामचा उल्लेख इथे अवश्य यायला हवा. ज्या माणसाने या गावाला नाव दिले, त्याला आधुनिक वैद्यकाविषयी नेमकी अशीच शंका होती. १९०९च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये गांधीजींनी डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर जी टीका केली, ती आजही वाचकाला दचकवते. आयुष्यात मात्र त्यांना तडजोड करावी लागली. १२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. वीस वर्षांनी, फेब्रुवारी १९४४मध्ये, आगाखान पॅलेसच्या बंदिवासात कस्तुरबा अखेरच्या घटका मोजत असताना देवदासांनी पेनिसिलीन मागवले. दर काही तासांनी सुया टोचून त्या देहाला आणखी त्रास देऊ नये, असे गांधीजींचे म्हणणे पडले. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. त्यांच्या नावाने सेवाग्रामात रुग्णालय उभे राहिले, त्याचे कर्तेपण होते गांधीजींच्या सहवासात वाढलेल्या डॉ. सुशीला नायर यांच्याकडे. पुढे केंद्रीय आरोग्यमंत्रिपद भूषवून त्या परतल्या आणि १९६९मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी इथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. आजही तिथल्या विद्यार्थ्यांचे पहिले दिवस आश्रमातल्या शिबिरात जातात आणि अंगावर खादी असते. म्हणजे सुईला नाही म्हणणाऱ्याच्या गावात वैद्यकाची शाळा निघाली. ही विसंगती आहे खरी. मात्र ती लपवण्याजोगी नाही, उलट समजून घेण्याजोगी आहे. गांधीजींची शंका अडाणीपणाची होती असे म्हणणाऱ्याने थोरोट्रास्टची कथा पुन्हा एकदा वाचावी.

क्ष-किरणांची वाट सोडून देणारे तंत्र आले ते भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून. फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६मध्ये स्वतंत्रपणे दाखवले, की प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थाच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी डिवचले की ती उत्तर देतात. मानवी देहात पाणी भरपूर, पाण्यात हायड्रोजन भरपूर. तेव्हा उत्तर देणाऱ्यांची वाण नाही. मार्च १९७१मध्ये अमेरिकेतले रेमंड डमेडियन यांनी उंदरांच्या ऊतींवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. रेडिओलहर थांबल्यावर अणुकेंद्रे पुन्हा शांत व्हायला जो वेळ घेतात, तो कर्करोगाच्या गाठीत निरोगी ऊतीपेक्षा जास्त असतो, असे त्यांना आढळले. त्यांनी तपासलेल्या गाठींपैकी एक यकृताच्याच कर्करोगाची होती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. म्हणजे या तंत्राच्या पाळण्यातच यकृताची गाठ होती. दोन वर्षांनी पॉल लॉटरबर यांनी या उत्तरांपासून चित्र कसे काढायचे ते दाखवले, पीटर मॅन्सफील्ड यांनी त्याला वेग दिला, आणि २००३चे नोबेल या दोघांना मिळाले. डमेडियन वगळले गेले. त्यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला. तो वाद इतिहासप्रेमींना चघळायला उत्तम आहे. इथे त्याचे काम नाही.

काम आहे ते डमेडियन यांच्या आशेचे पुढे काय झाले याचे. शांत व्हायला वेळ लागतो म्हणजे कर्करोग, हे समीकरण माणसाच्या यकृतात टिकले नाही. साध्या पाण्याच्या गळवालाही वेळ लागतो, रक्तवाहिन्यांच्या गुच्छालाही लागतो. नुसत्या एमआरआयने गाठ आहे एवढे उत्तम कळे. कसली आहे, हे पुष्कळदा कळत नसे. चित्र होते, ओळख नव्हती.

ओळख पटवणारी वस्तू स्वीडनच्या मातीतून आली. स्टॉकहोमजवळच्या इटर्बी गावच्या खाणीतला एक काळा दगड फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ योहान गॅडोलिन यांनी १७९४मध्ये तपासला होता. त्यांच्या नावावरून त्या खनिजाला गॅडोलिनाइट हे नाव पडले. १८८०मध्ये मारिन्याक यांना आढळलेल्या एका मूलद्रव्यालाही पुढे गॅडोलिनियम म्हणू लागले. शंभर वर्षे त्याचे कुणाला फारसे अप्रूप नव्हते. पण या धातूच्या अणूत सात इलेक्ट्रॉन जोडीविना असतात, आणि त्यामुळे तो स्वतःच इवलासा चुंबक होतो. तो पाण्याजवळ गेला की पाण्यातली अणुकेंद्रे भराभर शांत होतात आणि चित्रात ती जागा उजळते. म्हणून ‘डाय’ हा शब्द खरे तर चुकीचा. गॅडोलिनियम स्वतः चित्रात दिसत नाही. दिसतो तो त्याच्या शेजाऱ्यांवर झालेला परिणाम. अडचण एकच होती. सुटे गॅडोलिनियम विषारी आहे. बर्लिनच्या शेरिंग कंपनीत हान्स-योआखिम वाइनमान आणि सहकाऱ्यांनी त्याला एका सेंद्रिय रेणूच्या मुठीत आवळून बंद केले. मूत्रपिंडे ती मूठ न उघडता तशीच लघवीवाटे बाहेर टाकतात. १९८१मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि १९८८मध्ये ते औषध वापरात आले.

आता मुख्य मुद्दा. गॅडोलिनियमने गाठी ओळखता येतात, त्याचे कारण गॅडोलिनियममध्ये नाही. ते यकृतात आहे.

शरीरातल्या बहुतेक अवयवांना रक्त एका वाटेने येते, धमनीतून. यकृताला ते दोन वाटांनी येते. सुमारे पाव हिस्सा यकृतधमनीतून, थेट हृदयाकडून. उरलेला पाऊण हिस्सा पोर्टल शिरेतून, म्हणजे आतडी आणि प्लीहा यांतून फिरून, अन्नरस घेऊन. वर्ध्याच्या शेतकऱ्याला हे चटकन समजेल: एकाच वावराला विहिरीचेही पाणी आहे आणि कालव्याचेही. विहिरीचे आधी पोहोचते, कालव्याचे उशिरा. पण पीक भिजते ते मुख्यतः कालव्यावर. १९५४मध्ये चार्ल्स ब्रीडिस आणि गॅब्रिएल यंग यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. यकृतातल्या कर्करोगाच्या गाठी आपले रक्त जवळजवळ सगळे धमनीतूनच घेतात, असे त्यांनी दाखवले. वावरात उगवलेले हे तण कालव्याला तोंडच लावत नाही. ते विहिरीवरच पोसते. एमआरआय तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. पण गाठ ओळखण्याची किल्ली त्या निबंधात तयार होऊन पडली होती.

त्या किल्लीसाठी कुलूप तयार व्हायला आणखी तीसेक वर्षे लागली, कारण मधे वेगाची अडचण होती. सुरुवातीच्या यंत्रांना एक चित्र काढायला मिनिटेच्या मिनिटे लागत, आणि औषध तर धमनीतून अर्ध्या मिनिटात यकृतात पोहोचते. १९८५च्या सुमारास गटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत आक्सेल हासे आणि येन्स फ्राम यांनी ‘फ्लॅश’ नावाची जलद पद्धत शोधली. तिच्यातून पुढे आलेल्या तंत्रांनी एका श्वासाच्या अवधीत पूर्ण यकृत टिपता येऊ लागले. मग एक चित्र औषध टोचण्यापूर्वी, दुसरे साधारण पस्तीस सेकंदांनी धमनीचे रक्त आले असताना, तिसरे सत्तर सेकंदांच्या आसपास पोर्टल शिरेचे रक्त आल्यावर, आणि नंतर काही मिनिटांनी आणखी एक. गाठीचा रंग पाहायचा नसतो. तिचे वेळापत्रक पाहायचे असते.

रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुच्छ, म्हणजे हिमँजिओमा, आधी कडेला ठिपक्याठिपक्यांनी उजळतो आणि मग ते ठिपके आत आत पसरत जाऊन गाठ सावकाश भरते, तळ्यात पाणी चढावे तसे. आणि भरली की उजळच राहते. यकृताचा मूळ कर्करोग, हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, याच्या उलट वागतो: धमनीच्या टप्प्यात तो आजूबाजूच्या यकृतापेक्षा झळाळतो, नंतर पोर्टल शिरेचे रक्त येऊन सारे यकृत उजळते तेव्हा हा मात्र विझत जातो, आणि भोवती एक पातळ कडी उठून दिसते. आधी भडका, मग काळवंडणे. विहिरीवरच्या तणाला कालव्याचे पाणी मिळत नाही, त्याचीच ही खूण. आतड्यातून आलेल्या गाठी पुष्कळदा कडेने कंकणासारख्या उजळतात आणि मधे मरगळलेल्या असतात. पित्तनलिकांचा कर्करोग तंतुमय असल्याने औषध हळूहळू शोषतो आणि उशिराच्या चित्रात जास्त उठून दिसतो. गळवाच्या पोटात रक्त नसतेच. तिथे उजळते ती फक्त भिंत.

सर्वांत अवघड जोडी दोन सौम्य गाठींची. फोकल नोड्युलर हायपरप्लेजिया आणि अ‍ॅडिनोमा या दोन्ही स्त्रियांमध्ये जास्त आढळतात, दोन्ही धमनीच्या टप्प्यात झळाळतात. पहिलीला हात लावायची गरज नसते. दुसरी फुटून रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित तिचा कर्करोगही होतो. गर्भनिरोधक गोळ्यांशी तिचा संबंध १९७३मध्येच लक्षात आला होता. इथे वेळापत्रक अपुरे पडले. म्हणून यकृताच्या जिवंत पेशी स्वतः उचलून घेतील आणि पित्तात सोडतील असे गॅडोलिनियमचे औषध बनवण्यात आले. गॅडॉक्सेटेट नावाचे असे औषध २००४मध्ये युरोपात मान्य झाले. टोचल्यानंतर वीस मिनिटे थांबायचे. पहिल्या गाठीत यकृताच्याच पेशी काम करीत असतात, म्हणून ती औषध धरून ठेवते. अ‍ॅडिनोमा बहुधा धरत नाही आणि काळी दिसते. प्रश्न आता रक्त कुठून आले हा उरला नाही. पेशी आपले काम करते की नाही, हा झाला.

या साऱ्याचा सर्वांत मोठा परिणाम सुईवर झाला. २०००मध्ये बार्सिलोनात भरलेल्या युरोपीय यकृततज्ज्ञांच्या परिषदेने मान्य केले, की सिऱ्होसिस झालेल्या यकृतातल्या गाठीचे निदान ठरावीक निकष पुरे झाल्यास चित्रावरूनच करता येईल, तुकडा काढण्याची सक्ती नको. २०११मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने ‘लाय-रॅड्स’ ही श्रेणी आणली. निश्चित सौम्य ते निश्चित कर्करोग असा तिचा पल्ला आहे. चित्र पाहून कर्करोगाचे निश्चित निदान करण्याची मुभा फार थोड्या अवयवांत आहे. यकृत त्यातले ठळक उदाहरण. पण ही मुभा सशर्त आहे. ज्याचे यकृत दारूने, हिपॅटायटिस बी-सीने किंवा अन्य कारणाने आधीच बिघडलेले नाही, त्याला हे निकष लावता येत नाहीत. वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे. म्हणून इथल्या रुग्णाला दारूचा प्रश्नच विचारायचा नाही असे मात्र नव्हे. कागदावरची बंदी आणि गावठी दारू यांचे सहजीवन जिल्ह्याला अपरिचित नाही, आणि रुग्णाने खरे सांगितले नाही तर चित्राचा अर्थच बदलतो.

थोरोट्रास्टची सावली इथेही आहेच. २००६मध्ये ऑस्ट्रियातल्या एका मूत्रपिंडतज्ज्ञाने लक्षात आणून दिले, की मूत्रपिंडे निकामी झालेल्या काही रुग्णांना गॅडोलिनियमनंतर त्वचा आणि सांधे आवळत नेणारा भयंकर आजार होत आहे. मूठ शरीरात फार काळ राहिली आणि उघडली. या वेळी मात्र तीस वर्षे लागली नाहीत. मूत्रपिंडांची तपासणी आधी करण्याचा नियम झाला, मूठ ढिली असलेली औषधे मागे पडली आणि तो आजार जवळजवळ थांबला. २०१४मध्ये जपानमधून आलेल्या निरीक्षणांनी मेंदूतही गॅडोलिनियमचे अंश उरतात असे दाखवले. त्यानंतर २०१७मध्ये युरोपने ढिल्या मुठीच्या औषधांवर बंधने घातली. यकृताच्या तपासणीसाठी मात्र गॅडॉक्सेटेट राखले, कारण तिथे त्याला पर्याय नव्हता. आज एमआरआयच्या आधी ‘क्रिएटिनिन’ची चिठ्ठी मागतात आणि नातेवाईक वैतागतात. त्या चिठ्ठीमागे हा इतिहास आहे.

वर्धा जिल्ह्यात आज अशी तपासणी करणारी दोन मोठी ठिकाणे आहेत: सेवाग्रामची संस्था आणि सावंगी (मेघे) इथले, विनोबांच्या नावाचे रुग्णालय. नागपूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. तिथे जाण्याचा खर्च, मुक्काम आणि मजुरीचा बुडणारा दिवस हे सारे ज्याच्या अंगावर पडते, त्याच्यासाठी ही जवळीक हाच उपचाराचा अर्धा भाग. पैशाचा प्रश्न सेवाग्रामने पूर्वीच एका निराळ्या रीतीने हाताळून पाहिला होता. १९८०च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू आणि सहकाऱ्यांनी भोवतालच्या गावांत आरोग्यविम्याची योजना चालवली. तिचा हप्ता कुटुंबे सुगीच्या वेळी ज्वारीच्या रूपाने देत, ज्याची जितकी ऐपत तितकी. शहरी विमा कंपन्यांना सुचले नसते असे ते गणित होते. त्या ज्वारीच्या हिशेबात गॅडॉक्सेटेटची एक कुपी बसवायला गेले तर किती पायल्या लागतील, हा विचार अस्वस्थ करणारा आहे. साधे गॅडोलिनियम स्वस्त, हे महाग. म्हणून ग्रामीण रुग्णालयात पहिली मदार आजही रक्ताच्या वेळापत्रकावर असते, आणि बहुतेक गाठींना तेवढे पुरते.

एक गोष्ट मात्र कोणत्याही औषधाने विकत मिळत नाही. पस्तिसाव्या सेकंदाचे चित्र काढताना रुग्णाने पंधरा-वीस सेकंद श्वास रोखून धरावा लागतो. यकृत पडद्याला चिकटून असते. श्वास हलला की यकृत हलते आणि ते चित्र पुन्हा काढता येत नाही, कारण तोवर पोर्टल शिरेचे रक्त येऊन पोहोचलेले असते. म्हणून तंत्रज्ञ टेबल आत सरकवण्यापूर्वी, सुई जोडण्यापूर्वी, रुग्णाकडून दोन-तीनदा सराव करून घेतो: श्वास घ्या, सोडा, आता धरून ठेवा.